दादांच्या गाडीचं गिअर ऑइल

माझे वडील, दादा, जाऊन आज महिना झाला. त्यांची पन्नासच्या दशकातली मोटारसायकल विकत घ्यायला उद्या तळेगावहून एक जण येणार आहे. म्हणून सकाळी अंगणात गिअर ऑइल बदलायला बसलो. खालचा बोल्ट काढला, पण तेल थेंबथेंबच येत होतं.

शेजारचे पवारकाका हसले. "थंड तेल पडतं व्हय रं? बोल्ट लाव, आदी इंजिन गरम कर. कंपनीत काय शिकलास राव?"

बोल्ट लावून किक मारली. आवाज ऐकताच आई हात पुसत लगबगीने बाहेर आली आणि दादांसाठी उघडायची तसं तिने फाटक उघडलं.

मग मला बघून ती तिथेच थांबली.

तेल बदललंय. तुम्ही माझ्या जागी असता तर गाडी विकली असती का?