काचा बंद आणि बर्फ पायाशी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही, की आमच्या खानदेशात बापाच्या घशाखाली आंब्याचा रस उतरत नाही. त्या वर्षी धाकटी बहीण धुळ्याला सासरी पाय प्लास्टरमध्ये घालून पडली होती. आबा, म्हणजे आमचे वडील, वय ब्याऐंशी, जळगावला माझ्याकडे राहतात. दोन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फर्मान सुटलं, "ती येत नई, ते आपन जाऊत. रस बी लई जाऊत."

रस बाजारातला चालणार नव्हता. शेतातल्या झाडाचाच हवा. त्याचे लवकर आलेले आंबे तर आधीच पिकून संपले होते, पण त्यांचा रस मी फ्रीजरमध्ये गोठवून ठेवला होता. आता वैशाखातल्या उन्हात तो धुळ्यापर्यंत न्यायचा कसा? माझा एक जुना विद्यार्थी आइस्क्रीमचा होलसेल धंदा करतो. त्याच्याकडून ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आणला. चांगला पाच किलो, थर्माकोलच्या खोक्यात.

बिचारा जीव तोडून सांगत होता. "बाई, उघड्या हाताने धरू नका, कातडी जळते. झाकण घट्ट बसवू नका, फुटेल. आणि गाडीच्या काचा..."

"अरे, तुला कार्बन डायऑक्साइड कोणी शिकवला? मीच ना?" मी त्याला मध्येच तोडलं. तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई मी. मला कोण शिकवणार! तो हसला. त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं माझं?

रस खोक्यात ठेवून झाकण सैल ठेवलं. हातात जाड मोजे घातले. आणि स्वतःवर खूश होऊन ते खोकं मागच्या सीटखाली, आबांच्या पायाशी ठेवलं. डिकी उन्हाने तापते ना, म्हणून. आबा म्हणाले, "गारेगार वाटस," आणि मागच्या सीटवर उशी घेऊन आडवे झाले. बाहेर भट्टी पेटलेली. मी काचा वर केल्या, एसी लावला आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलं. मे महिन्यात आमच्याकडे काच उघडी ठेवून गाडी चालवणाऱ्याला लोक वेडा म्हणतील.

एरंडोलपर्यंत आबा बोलत होते. कोणाचा कापूस, कोणाची सोयरीक, सगळं. मग गप्प झाले. खरं सांगते, मला बरंच वाटलं. पुढे माझं डोकं ठणकायला लागलं. जांभयांवर जांभया. जिना चढून आल्यासारखा दम लागला. मी म्हटलं, झालं, ऊन बाधलं. आमच्याकडे मे महिन्यात काहीही झालं तरी ऊनच बाधलेलं असतं. म्हणून मी काय केलं? एसी आणखी वाढवला. अक्कल बघा!

पारोळ्याच्या अलीकडे आरशात नजर गेली. आबांचं तोंड उघडं होतं आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. "आबा! ओ आबा!"

"माय, दम लागी ऱ्हायना..." एवढंच बोलले आणि डोळे मिटले.

त्या क्षणी मला वर्गातल्या दोन मेणबत्त्या दिसल्या. एक उंच, एक बुटकी. बरणीत सोडा आणि व्हिनेगर टाकायचं, आणि मुलांना विचारायचं, आधी कोणती विझेल? बुटकी! कारण कार्बन डायऑक्साइड जड असतो, तळाशी साचतो. तीस वर्षं दरवर्षी तोच प्रयोग केला, आणि माझा बाप मी त्याच तळाशी निजवला होता.

गाडी कडेला घेतली. चारही दारं उघडली. आबांना काखेत धरून ओढतच कडुनिंबाच्या सावलीत नेलं. मी रडत होते, स्वतःला शिव्या घालत होते. आगीसारख्या झळा अंगावर येत होत्या. जन्मभर ज्यांना नावं ठेवली त्या झळा त्या दिवशी मला देवासारख्या वाटल्या. घ्या आबा, घ्या श्वास, कितीही घ्या.

दहा मिनिटांत त्यांचा श्वास लयीत आला. ओठांना रंग आला. डोळे उघडले आणि पहिला प्रश्न, "रस वितळी गया का?"

मी रडता रडता हसले.

खोक्यातला बर्फ मोकळ्या रानात तापलेल्या मातीवर पसरला आणि कोणी पोर किंवा कुत्रं जवळ येऊ नये म्हणून तो संपेपर्यंत पहारा दिला. पांढरा धूर जमिनीलगत सरपटत गेला. मागे थेंबभरही पाणी राहिलं नाही. गोठलेला रस तसाच दगडासारखा होता. गोणपाटात गुंडाळला असता तरी धुळ्याला पोचला असता, हे मला तेव्हा सुचलं. पारोळ्यात डॉक्टरांनी आबांना तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, आणि मला मात्र चांगलं झापलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तिथून चारही काचा खाली करून आम्ही धुळ्याला पोचलो, दोघंही भाजलेल्या वांग्यासारखे.

धाकटीने प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून खापरावरचे मांडे आणि रस खाल्ला. आबांनी समोर बसून तिचं ताट संपेपर्यंत पाहिलं, मग स्वतः वाटीभर घेतला आणि पुढच्या खोलीत आडवे झाले. माझ्या घशाखाली मात्र घास उतरेना. ताटावरून उठून मी दाराशी गेले, त्यांची छाती हलते का बघितलं. परत येऊन बसले. पुन्हा उठले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा अगदी वाकून नाकापाशी हात धरला.

आबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाले, "जित्ता शे माय मी. जाय, रस खाय."

मग मी जेवले. तीन वाट्या रस प्याले.