टेपात न आलेला ढोल

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच बढाई मारली, पण ती आयुष्यभर मारली. तरुणपणी दौंडला, रेल्वेच्या हॉलमध्ये, इंग्रजी गाण्यांच्या बँडबरोबर त्यांनी एकट्याने सलग वीस मिनिटं ढोल वाजवला होता. तोही एकदा नाही, दर कार्यक्रमाला.

आमच्या घरात या वीस मिनिटांवर कुणाचाही विश्वास नव्हता. आई तर तोंडावर म्हणायची, "वीस मिन्टं काय वाजवत्यात? वरात हाय का?" चुलत्यांनी वीसची दहा केली होती. माझा नवरा सासऱ्यासमोर वीस म्हणायचा आणि माघारी पाच. मी मात्र आप्पांच्या बाजूची. शिरूरजवळच्या एका कारखान्यात गेली सव्वीस वर्षं मी क्वालिटीत आहे. चुका शोधायचा मला पगार मिळतो आणि ती सवय घरीही सुटत नाही, असं घरचे म्हणतात. पण पुराव्याशिवाय मी कुणाचं खोटंही धरत नाही. आणि आप्पा सांगायचे की पुरावा आहे. सगळे कार्यक्रम टेप झालेत, कॅसेटी गिटारवाल्याकडे आहेत.

बँड चौघांचा होता. तिघे रेल्वे कॉलनीतले ख्रिश्चन तरुण, घरात पियानो आणि पुण्याहून आणलेल्या तबकड्या असलेले. चौथे आप्पा. आमच्या आज्ज्याची मेंढरं होती. आप्पांच्या लहानपणी ती विकून घराण्याने जमीन कसायला घेतली, पण देवाच्या जत्रेत गजी नाचाला वाजवायचा ढोल काही सुटला नाही. आप्पा इंजिनाच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस, म्हणून लागले, आणि त्याच वर्षी बँडच्या ड्रमवाल्याची भुसावळला बदली झाली. गिटारवाला शेडमध्ये त्यांचा साहेब होता. त्याने आप्पांना पत्र्याच्या पिंपावर हात मारताना ऐकलं आणि संध्याकाळी हॉलवर बोलावलं. आप्पा आपला ढोल गळ्यात घालून गेले.

त्या गाण्याला सायकेडेलिक रॉक म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. आप्पांना तेव्हाही ते नाव माहीत नव्हतं. त्यांनी मला ते असं समजावलं होतं: "सकाळी मेंढरं सोडल्यागत असायचं बघ. दोन कडवी म्हणायची, मग गाणं सोडून द्यायचं. जाईल तिकडं जाऊ द्यायचं. फकस्त सांजंला तळावर माघारी आणायचं." गिटार आवाज घुमवत घुमवत कुठल्या कुठे जायची, मग एकेक जण थांबायचा आणि शेवटी ढोल तेवढा उरायचा. स्टेजच्या मागे शेडमधले लाल-हिरवे कंदील टांगून एक जण ते हाताने फिरवायचा. दौंडचं पब्लिक यायचं, कारण हॉलमध्ये पंखे होते आणि तिकीट नव्हतं.

दोनेक वर्षांत बँड मोडला. कुणाची बदली झाली, कुणी परदेशी गेला. आप्पांचं लग्न झालं आणि ढोल गावी देवळात गेला.

मागच्या वर्षी गिटारवाले वारले. महिन्याभराने त्यांच्या मुलीचा मला फोन आला. घर आवरताना सात कॅसेटी सापडल्या होत्या. वडिलांची आठवण म्हणून तिला त्या इंटरनेटवर चढवायच्या होत्या. अशा बँडांचे जुने कार्यक्रम हुडकून ऐकणारे लोक जगभर आहेत म्हणाली. तिच्याकडे ना मशीन होतं, ना तिला त्यातलं काही कळत होतं. तुम्ही ऐकून, कुठल्या कॅसेटवर काय आहे ते लिहून द्याल का, असं तिने विचारलं. मी फोन ठेवायच्या आधीच हो म्हणाले.

कारण आप्पांचे कान. इंजिनांच्या आवाजात आयुष्य गेलेलं. डावा कान कधीच गेला होता, उजव्यात यंत्र होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते की हाही हळूहळू जाणार. आप्पांनी त्याचा बाऊ केला नाही. एवढंच म्हणाले, "कान हाय तवर एकदा ऐकायचंय मला. वाजवताना आपलं आपल्याला ऐकू येत न्हाई, नुसतं वाजत असतं."

कॅसेटी कुरिअरने आल्या. बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मी एक जुना टेप मिळवला, त्याची वायर लॅपटॉपला जोडली, आणि एका रविवारी सकाळी आप्पांना आणि आईला दौंडहून शिरूरला आणलं. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. माझ्या नवऱ्याने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, वेळ मोजायला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते परत मनगटावर चढवलं.

पहिली कॅसेट लावली. खरखर, खोकला, खुर्च्या सरकवल्याचा आवाज. मग गिटार. आप्पांनी माझा हात धरला. गाणाऱ्याचा आवाज कोवळा होता, इंग्रजी शब्द मला निम्मे कळले. दोन कडवी झाली. गिटारने आवाज घुमवायला घेतला, आप्पांची मान पुढे आली, आता सुटणार, आता सुटणार, आणि खट्ट! पुढच्या क्षणी शेवटचं कडवं, मग टाळ्या. लगेच दुसरं गाणं.

मला वाटलं, टेप अडकला. मागे घेतला, पुन्हा लावला. पुन्हा खट्ट. दुसऱ्या गाण्यात तसंच, तिसऱ्यातही. दोन कडवी, खट्ट, शेवटचं कडवं, टाळ्या. दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही सातही कॅसेटी ऐकल्या. सगळी मिळून बत्तीस गाणी, आणि प्रत्येकात जिथे शब्द संपत होते तिथे खट्ट. ढोल होता, पण गाण्याच्या पाठीमागे, ठेका धरण्यापुरता. एकट्याचा ढोल एक मिनिटही नव्हता.

  आप्पांनी कानातलं यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि म्हणाले, "जाऊ दे. जेवाय वाढा."

मला ते 'जाऊ दे' झोंबलं. आप्पा जेवले, पण त्या दिवशी त्यांनी ती बढाई मारली नाही, पुढच्या रविवारीही मारली नाही. आता त्यांनाच स्वतःचा भरवसा वाटेनासा झाला होता. मी फोनवर खोदून विचारलं, तेव्हा हळूच म्हणाले, "पाच मिन्टं असंल बघ. तरुणपणी सगळं लांब वाटतं." मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मला राग येतो.

कारखान्यात माल खराब निघाला की आम्ही मूळ कारण शोधतो. इथे मूळ कारण कोण, ते विचारलं. रेकॉर्डिंग कुणी केलं? आप्पा म्हणाले, वरवंडचा एक माणूस होता, पंचक्रोशीत टेपरेकॉर्डर असलेला तोच एक. आता थकलाय, मुलाच्या ठिबकच्या दुकानात बसून असतो. मी पुढच्याच शनिवारी सुट्टी टाकली, दौंडहून आप्पांना गाडीत घातलं आणि वरवंड गाठलं. वाटेत आप्पा मला समजावत होते, "म्हातारा माणूस हाय, जरा धीरानं बोल." मी म्हटलं, "धीरानंच बोलणार आहे." मी धीराने बोलायचं ठरवलं की काय होतं ते आप्पांना माहीत आहे.

दुकान हायवेला लागून होतं. बाहेर काळ्या पाइपांची भेंडोळी, आत खोक्यांच्या थप्प्या, आणि खुर्चीवर पांढरी टोपी घातलेले आबा. त्यांनी आप्पांना लगेच ओळखलं. "ढोलवाले! या, या!" चहा सांगितला, बसायला खोकी दिली. मी चहा येईपर्यंतही थांबले नाही.

"आबा, कॅसेटी तुम्हीच केल्या ना? मग प्रत्येक गाण्यात मधेच बटण का बंद केलंत?"

आबा गोंधळले नाहीत. उलट खूश झाले. "व्हय तर! येक इंच टेप वाया घालवली न्हाई म्या. मी मूळचा कीर्तनाचा. म्हाराज बोलत्यात तवर टेप चालू. म्हाराज थांबले, मृदुंगवाला ओढून-ताणून जुळवाय लागला, की बटण बंद. म्हाराजांनी तोंड उघडलं की चालू. शब्द संपले की बटण बंद, हा माझा नियम. भाषणं केली, कीर्तनं केली, कुणी नाव ठिवलं न्हाई."

"पण हे कीर्तन नव्हतं!"

"तेच म्हन्तो मी. ह्यांचं तर लईच. दोन कडवी झाली की जुळवाजुळव. ती बी इतका येळ! मला वाटायचं, पोरं नवशिकी हायती, सूर लागंना यांचा. मी आपलं कुणाला बोललो न्हाई."

"आबा," मी म्हटलं, आणि माझा आवाज दुकानाबाहेर गेला असणार, कारण पाइप बघणारं एक गिऱ्हाईक वळलं, "ती जुळवाजुळव नव्हती. तेच गाणं होतं! कडवी नुसती नावाला होती. तुम्ही दाणे फेकून टरफलं भरून ठेवलीत!"

आबांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा चपलेकडे बघत होते. "खरं का ओ?" आबांनी विचारलं. आप्पांनी मान हलवली. "माझा ढोल व्हता त्यात. पोरगी म्हन्ती, ऐकू. पर त्यात न्हाई. आसंल थोडाफार, पाच मिन्टं."

"पाच?" आबा खुर्चीत ताठ बसले. "पाच कशानं? अवो, मी घड्याळ लावून बसायचो! बटण परत कवा दाबायचं ते बघाय नको? हॉलात समोर रेल्वेचं मोठं घड्याळ व्हतं. तुमचा ढोल एकला सुरू झाला की मी येळ बघून ठिवायचो. कवा अठरा मिन्टं, कवा एकवीस. दिवाळीच्या येळंला तर तेवीस. मला तवा लघवीला जायचं व्हतं, म्हणून ध्यानात हाय."

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"टेप चालू असली की माझं सगळं ध्यान टेपच्या आवाजाच्या काट्यावर आन् फिरत्या चकतीवर," आबा सांगत होते. "गाणी काय व्हती, मला येक आठवत न्हाई. ऐकलीच न्हाईत. पर बटण बंद केलं की मी मोकळा. मग काय करायचं? तुमचा ढोल ऐकायचा." आणि त्यांनी शेजारचं रिकामं खोकं पुढे ओढलं. "आधी आसं हळू यायचं. ढुम्म. मग कायच न्हाई. ढुम्म. मानसाला वाटावं, संपलं. मग काडीनं कडंला, टिक टिक टिकाटिक…"

आबा काही वादक नव्हते. बोटं वाकडी झालेली. पण तोंडाने बोल म्हणत, खोक्यावर हात आपटत त्यांनी सगळं सांगितलं: कुठे उजवा हात थांबायचा, कुठे नुसती थाप घासायची, कुठे जत्रेतला ठेका यायचा आणि इंग्रजी गाण्याच्या ठेक्यात जाऊन मिसळायचा. एका ठिकाणी ते अडले. "हितं काय तरी दोनदा यायचं…" आणि आप्पांनी आपल्या बुडाखालचं खोकं उपसून मांडीवर घेतलं. "दोनदा न्हाई, तीनदा," ते म्हणाले आणि वाजवलं.

मग दोघे वाजवत राहिले. आप्पा विसरले की आबा तोंडाने म्हणायचे, आबा चुकले की आप्पा दुरुस्त करायचे. चहा आला आणि गार झाला. ते पाइपवालं गिऱ्हाईक आत येऊन मोटारीच्या खोक्यावर बसलं. आप्पांच्या कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं, त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं आणि वाजवणं थांबवलं नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते. चौपन्न वर्षांची माझी ओळख आहे या माणसाशी, पण हा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. मी फोन काढून रेकॉर्डिंग चालू करावं, हे मला सुचलंसुद्धा नाही, आणि तिथे बसून मी चक्क रडले.

निघताना आबांनी आप्पांचे दोन्ही हात धरले. यंत्र परत कानात घातलेलं होतं. "लई मोठी चूक झाली माझ्याकडनं. तेवढं बटण चालू ठिवलं असतं तर आज तुमाला ऐकाय भेटलं असतं."

आप्पा हसले. "चालू ठिवलं असतं तर तुमी टेपच्या काट्याकडं बघत बसला असता," ते म्हणाले. "मग मला ऐकलं कुणी असतं?"