फोटोतले हात मामांचे होते

चूक माझी होती, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. कारण पुढे एका कंपनीचा विषय येणार आहे, आणि कंपनीचा विषय निघाला की तिच्या मागे जाऊन लपायची मला सवय आहे. इतकी वर्षं मी तिथेच उभा होतो.

वारूळवाडीत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. पुढच्या बाजूला उतारे काढून देणं, फॉर्म भरणं, झेरॉक्स. मागच्या खोलीत क्लास. वेबसाइट कशी बनवायची ते शिकवायला एक नमुना हवा होता, म्हणून मी बोरी बुद्रुकच्या मामांची साइट केली. मामा माझ्या नात्यातले नव्हेत. मेंढपाळाच्या घरातले, घोंगड्या विणणारे. माझ्या वडिलांची आणि त्यांची जुनी ओळख, म्हणून लहानपणापासून मी त्यांना मामा म्हणत आलो.

साइट म्हणजे एकच पान होतं. घोंगडी कशी होते ते चार परिच्छेदांत लिहिलेलं. मेंढ्या कधी कातरतात, मामी सूत कसं काततात, त्या सुताला चिंचोक्याची खळ का देतात. खाली मामांचा फोन नंबर. आणि वर एक फोटो, मीच काढलेला. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मामा मागावर बसलेत, पण फोटोत तोंड नाही, फक्त हात. डाव्या हाताचं मधलं बोट लहानपणी मोडलेलं, ते वाकडंच जुळलं होतं. ते बोट सुतावर टेकलेलं.

त्या काळात घोंगडीबद्दल मराठीत असं कोणी लिहिलंच नव्हतं बहुधा. कोणी घोंगडी शोधली की आमचं पान पहिलं यायचं. आणि मामांचा फोन वाजायला लागला. पुण्याची माणसं, डोंगर चढणारी पोरं, पाठदुखीला कोणीतरी घोंगडीवर झोपायला सांगितलेले म्हातारे. मागाच्या खांबाला खिळा होता, त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन टांगलेला असायचा. मामांचे हात खळीने बरबटलेले, म्हणून मामी उचलायच्या. "थांबा हां, त्यांच्या कानाला लावते," म्हणायच्या. फोन वाजत होता तोवर माग चालत होता. मामांचे दोन्ही मुलगे चाकणला कामाला गेलेले. मागाचं पुढे कोण बघणार हा प्रश्न होताच, पण मामा म्हणायचे, "मी हाय तवर तर चालू दे."

मग त्या कंपनीने, जिच्या पानावर आपण सगळे सगळं शोधतो, स्वतःचं एक सोशल नेटवर्क काढलं. लोक त्यावर फारसे जाईनात. तेव्हा कंपनीने शोधायच्या पानावरच आपल्या नेटवर्कवाल्यांना मानाची जागा द्यायला सुरुवात केली. ज्याचं तिथं पान, त्याचा फोटो, त्याचं दुकान, मोठ्या चौकटीत, नजर पडेल अशा ठिकाणी. बाकीचे खाली. कुणी किती मनापासून लिहिलंय, कुणाचं किती जुनं आहे, याला काही अर्थ उरला नाही. पेपरात त्यावर ओरड झाली होती. मीही चहाच्या टपरीवर तावातावाने बोललो होतो. "बैलगाडा शर्यतीच्या घाटात पंच म्हणून उभं राहायचं आणि आपलेच बैल पहिले आले म्हणून निशाण टाकायचं, चालेल का?" लोकांनी माना डोलावल्या. मला स्वतःचंच बोलणं आवडलं होतं.

त्याच आठवड्यात माझा मेव्हणा दुकानात आला.

मेव्हण्याचं पारगावला, साखर कारखान्याच्या रस्त्यावर, ब्लँकेट-चादरींचं दुकान. ऊसतोडीची माणसं आली की थंडीत त्याचा माल खपायचा. बाहेरून यंत्रावरच्या काळ्या घोंगड्याही आणून ठेवायचा. त्याचं म्हणणं, पुण्याचं गिऱ्हाईक मामांकडे जातं ते माझ्याकडे का येऊ नये.

"दाजी, तुमी त्या म्हाताऱ्याला वर चढवलं. घरच्या माणसाला बी चढवा की जरा."

या माणसाने माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षात त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला स्वतःच्या गाडीतून नेलं होतं. कधी कुरकुर नाही. संध्याकाळी बायकोनेही विचारलं, "माझ्या भावाचं एवढंही काम होत नाही तुमच्याकडून?" मला नाही म्हणता येत नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे नाही म्हणायचा मी प्रयत्नच केला नाही.

कंपनीच्या नेटवर्कवर मी मेव्हण्याचं पान केलं. 'हातमागाची अस्सल घोंगडी' असं लिहिलं. मजकूर मामांच्या साइटवरून उचलला. फोटो लागत होता. यंत्रावरच्या घोंगडीचा फोटो काय लावणार? माझ्या कॉम्प्युटरमध्ये मामांच्या हातांचा होता. तो लावला. काही दिवसांत मेव्हण्याचं पान वर आलं, फोटोसकट. मामांची साइट खाली सरकली.

दोनेक महिन्यांनी मामा दुकानात आले. पटका नीट बांधलेला, हातात पिशवीसकट फोन.

"ह्यो बिगाडलाय का बग रं. वाजतच न्हाई."

मी माझ्या फोनवरून लावला. त्यांच्या हातात तो वाजला.

"वाजतोय की, मामा."

"तुजा वाजतो. लोकांचा वाजत न्हाई."

माझ्या समोरच्या स्क्रीनवर त्या वेळी मेव्हण्याचंच पान उघडं होतं. त्याला नवे भाव टाकून हवे होते. बोलता बोलता मी ते बंद केलं. मामांना वाचता येत होतं.

"मामा, त्या कंपनीनं स्वतःचं एक नेटवर्क काढलंय. त्यात ज्याचं पान आहे त्याला ती वर दाखवते. आपली साइट खाली गेली."

"खाली म्हंजी किती?"

"म्हणजे, तिथवर कोणी बघत नाही."

मामा हसले. "म्हंजी तू लग्नात माईकवर करतो त्येच की. आदी भावकी, मग पुढारी, आन् येळ उरला तर नवरा-नवरी."

आमच्याकडे लग्नात अक्षता पडायच्या आधी माइकवरून मानकऱ्यांची नावं पुकारतात. पंचक्रोशीत ते काम बरेचदा माझ्याकडे असतं. नावं कोणत्या क्रमाने घ्यायची ते माइक धरणाऱ्याच्या हातात. मीही हसलो. म्हटलं, "तसंच. कंपनीपुढं आपण काय करणार?"

"मग मला बी बसव की त्या भावकीत."

दहा मिनिटांचं काम होतं. पण मामांचं पान केलं असतं तर त्यावर कोणता फोटो लावला असता? तेच हात दोन दुकानांवर दिसले असते.

"उद्या करतो, मामा. आज नेट बंद आहे."

"उद्या कर. मला काय घाई? मागावर सूतच न्हाई."

त्यांनी फोन परत पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि गेले. मी उद्या केलं नाही. परवाही नाही. ते परत विचारायला आले नाहीत, आणि ते येत नाहीत याचं मला बरं वाटायचं.

मग पावसाळ्याच्या शेवटी बोरीचा एक माणूस झेरॉक्सला आला आणि सांगू लागला, मामांच्या दारात पुण्याचं एक जोडपं येऊन भांडून गेलं. त्यांनी पारगावहून घोंगडी नेली होती. पहिल्यांदा धुतली तर काळं पाणी निघालं, गादी, चादरी सगळं डागाळलं. मेव्हण्याने हात वर केले, "मी नुसता विकतो, विणणारा बोरीला हाय." मग ते फोटो घेऊन बोरीत विचारत हिंडले, हे हात कुणाचे. वाकड्या बोटावरून कोणीही सांगितलं असतं. सांगितलं.

गल्लीतली माणसं गोळा झाली होती. बाई चिडलेली. मामांनी ती घोंगडी हातात घेतली, बोटांनी चोळून पाहिली. मामा काय म्हणाले ते तो माणूस मला त्यांच्याच आवाजात करून दाखवत होता. "बाई, काळ्या मेंढीचा रंग पाण्यात जात न्हाई. द्येवानं दिल्याला असतो त्यो. ही घोंगडी माजी न्हाई. पर हात माजं हायती."

आणि घरात जाऊन त्यांनी स्वतःची एक घोंगडी आणली, मामींनी लेकीसाठी ठेवलेली, ती त्या बाईला दिली आणि तिची खराब घोंगडी ठेवून घेतली.

"आता बोला," तो माणूस म्हणाला, "कुणाचं पाप आन् कुणी भरलं." माझ्याकडे बघून म्हणाला की उगाच, मला आजही कळलेलं नाही. मी त्याच्या झेरॉक्स मोजत राहिलो.

तो गेल्यावर मी एक काम केलं. मेव्हण्याच्या पानावरचा फोटो बदलला. इंटरनेटवरूनच कुठल्या तरी परक्या मागाचा उचलून लावला. पान तसंच ठेवलं. म्हणजे चोरी थांबवली नाही, मुद्देमाल तेवढा हलवला.

त्या थंडीत मामांनी माग मोडला. मेंढ्या आधीच कमी केल्या होत्या, उरलेल्या पाहुण्यांना दिल्या. एका द्राक्षबागेवर राखणीला जाऊ लागले. बसमधून जाताना एकदा मला दिसले, बागेच्या कुंपणाशी, पाखरं हाकायला हातात पत्र्याचा डबा घेतलेले. मी मान खाली घालून मोबाइल बघायला लागलो.

पुढे कंपनीने ते नेटवर्कच गुंडाळलं. मला मेल आला. अमुक तारखेनंतर सगळी पानं, सगळे फोटो पुसले जातील, हवं ते उतरवून घ्या. कुणाला हळहळ वाटली नाही. ज्या जागेसाठी मी मामांचा माग घालवला ती जागा चालवणाऱ्यांनाही नकोशी झाली होती. मेव्हण्याचं काही बिघडलं नाही. तोवर त्याचं नाव झालं होतं.

यंदा बोरीत एक लग्न होतं. माइक माझ्या हातात. वधूकडच्यांनी नावांचा कागद दिला. मी वाचत गेलो, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि पुढे लिहिलेलं होतं, 'घोंगडीची परंपरा जपणारे पारगावचे सुप्रसिद्ध व्यापारी'. माझा मेव्हणा. मी ते वाचलं. तोंडातून निघून गेल्यावर समोर पाहिलं. मांडवाच्या कडेला मामा बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. डाव्या हातातल्या अक्षता उजव्या हातात घेतल्या, पुन्हा डाव्या हातात घेतल्या. मेव्हण्याने टोपी आणि नारळ घेतला. टाळ्या वाजल्या. माइकवरून मीच लोकांना टाळ्या वाजवायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोरीला गेलो.

मागाचा खड्डा बुजवून वर कोबा केलेला. खांब तसाच होता, खिळाही. त्याला आता मामींच्या गोळ्यांची पिशवी होती. मामी पाणी ठेवून आत गेल्या. त्यांच्याकडे आलेल्या माणसाला घोंगडी अंथरून बसवतात. मामांनी कोपऱ्यातून एक काढली, झटकली, पसरली. धुऊन धुऊन तिचा काळा रंग तांबूस झाला होता.

"बस," ते म्हणाले. "तुमच्याच घरची हाय."

मी बसलो. तिच्याकडे न बघता बोलायला लागलो. "मामा, ते नेटवर्क कंपनीनं केव्हाच बंद केलं. तेव्हा कंपनीनं सगळ्यांनाच तसं..."

"कंपनीचं ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "कंपनी कदी माज्या दारात आली न्हाई. तू आलाईस. तुजं सांग."

लगेच बोललो नसतो तर मी उठून गेलो असतो.

"मामा, मेव्हण्याचं पान मी केलं. तुमचे हात त्याच्या मालावर मी लावले. तुम्ही फोन घेऊन आलात तेव्हा ते पान माझ्यासमोर उघडं होतं. मी ते बंद केलं आणि तुम्हाला कंपनीचं सांगितलं. नेट चालू होतं त्या दिवशी. उद्या करतो म्हणालो, पण मला करायचंच नव्हतं. ती बाई भांडायला माझ्या दारात यायला हवी होती, तुमच्या आली. तेही मला त्याच आठवड्यात कळलं होतं, तरी मी आलो नाही. काल माइकवर नाव मी वाचलं. मी तुमचा माग घालवला, मामा. मला माफ करा."