मामाच्या डब्यातलं चीज

भोकरदनच्या बाजूच्या एका खेड्यात वडिलांची मास्तर म्हणून बदली झाली, त्याला वर्ष होत आलं होतं. तरी शाळेतल्या एकाही गुरुजीनं आमच्या घरी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. आम्ही बौद्ध. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. आमच्या दाराशी आलं की सगळ्यांना नेमकी घाई व्हायची. शेवटी वडिलांनी हेडमास्तरांना चहाला बोलावलं आणि ते चक्क हो म्हणाले.

त्या दिवशी ताट वडिलांनीच मांडलं. सालासकट केळी, टरफलासकट शेंगा, न फोडलेला बिस्किटांचा पुडा. चहासुद्धा स्टँडवरच्या हॉटेलातून यायचा होता. आईचा हात कशालाच लागू नये, असा चोख बंदोबस्त. मला त्या ताटाची चीडच आली. मधोमध त्यांनी मामानं मिलिटरीतून आणलेला चीजचा डबा ठेवला.

"कंपनीचा माल हाये, सीलबंद," ते म्हणाले. "याला कोन न्हाई म्हनंल?"

खिळ्या-हातोडीनं डब्याचं झाकण उचकटून ते हेडमास्तरांना आणायला गेले. आईनं डबा नाकाशी नेला.

"आंबूस वास मारून राह्यलं गं हे. पाव्हन्यापुढं असंच ठिवायचं का?"

मी नको नको म्हणेपर्यंत तिनं काप केले, तिखट-मिठाच्या बेसनात बुडवून तळले आणि ताटात रचलेसुद्धा. तेवढ्यात वडील पाहुण्यांना घेऊन आले. ताटाकडे बघून वडिलांचा चेहरा उतरला.

हेडमास्तर बाजेवर टेकले. पुडा स्वतः फोडून त्यांनी एक बिस्किट तोंडात टाकलं. मग भज्यांकडे बोट केलं. "हे काय नवीन?"

"चीज हाये, सर. मिलिटरीचं. सीलबंद डब्यातलं," वडील घाईनं म्हणाले.

हेडमास्तरांचा हात पुढं आला. आई दारातून कौतुकानं म्हणाली, "आत्ताच तळलं म्या. गरम हाये, जल्दी खा, सर."

हात तिथंच थांबला.

"आज उपवास आहे माझा," हेडमास्तर म्हणाले. बिस्किट अजून तोंडातच होतं.

आई खाली बघायला लागली. वडिलांनी एक भजं उचललं, हेडमास्तरांच्या समोर सावकाश खाल्लं. मग दुसरं.

"मीठ बराबर पडलंय," ते आईला म्हणाले. "आनखी आन."

पुढं आमच्याकडे पाहुणे आले-गेले, पण त्यांच्यासाठी वडिलांनी पुन्हा कधी केळी आणली नाहीत.