क्षमाने घालून घेतलेलं गाऱ्हाणं

क्षमा हे नाव ज्याने ठेवलं, त्याने बाळाचं तोंड नीट पाहिलं नसणार. चोपडे गावच्या शाळेत एका मुलाने तिची वेणी बाकाला बांधली होती. ती रडली नाही, बाईंकडे गेली नाही. शिगमा येईपर्यंत थांबली आणि रोमटाच्या, म्हणजे ढोलताशांच्या मिरवणुकीच्या, गर्दीत त्याच्या सदऱ्यात खाजकुयली सोडली. हे तिनेच मला सांगितलं. सांगताना हसलीसुद्धा नाही. मला तेव्हाच ती आवडली.

पदविका घेऊन ती डिचोलीजवळच्या सदूच्या कारखान्यात लागली आणि साखळी गावात माझ्या शेजारी भाड्याने राहू लागली. सदू, म्हणजे सदाशिव, माझा मावसभाऊ. आंब्याच्या लाकडाची कपाटं करतो, ती थंड देशांत जातात. क्षमाचं काम तपासणीचं. मीटरच्या सुया लाकडात टोचून ओलावा बघायचा, खण ओढून-ढकलून बघायचे, दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघायचं. पास झालं तर हिरवी चिकटी, नापास झालं तर लाल. आपल्या दमट हवेत ओलं लाकूड शहाण्यासारखं गप्प बसतं. तिकडे घराघरात हीटर. तिथे ते सुकतं आणि मग दारं वाकतात, सांधे तोंड उघडतात.

कामाचा मुख्य होता संदीप, सावंतवाडीकडचा. माल लवकर काढून मालकाकडून शाबासकी घ्यायची, एवढाच त्याचा धर्म. भट्टीतलं लाकूड पुरतं वाळायच्या आत तो बाहेर काढायचा. क्षमाने लाल केलेल्या कपाटांच्या चिकट्या त्याने सोलल्या, हिरव्या लावल्या आणि माल पाठवला. माल परत आला, दारं पापडासारखी वळलेली. तेव्हा सगळ्या कामगारांसमोर हा गरजला, "हिरवी चिकटी लावणं कोणाचं काम? हिचं! मीटर धरता येत नाही तर घरी बसून भाकऱ्या भाज!"

सदूने कपाटांवरचा हिरवा रंग पाहिला आणि विश्वास ठेवला. माझा भाऊ असला तरी सांगते, त्याला रंगापलीकडचं दिसत नाही. क्षमाला पॅकिंगला टाकलं, खोक्यांचे कोपरे गुंडाळायला. तपासणीत खोटेपणा करणारी म्हणून नाव झालं. आता दुसरा कुठला कारखाना तिला दारात उभं करणार होता?

"मजूर कचेरीत जा," मी म्हटलं.

"तिथे तो खोटं बोलेल, मावशी. तिथे देव नसतो."

"मग काय करणार आहेस?"

"त्याची जीभ जिथे वळणार नाही, अशी जागा शोधतेय. काम मिळेल न मिळेल. माका तेका रडटना पळोवंक जाय. रडताना बघायचाय मला."

सदूकडे रिवाज आहे. कंटेनर सुटायच्या आधी चिकटवण विभागातला म्हातारा गोपाळ नारळ-विडा ठेवून राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, गाऱ्हाणं घालतो आणि मालकापासून हमालापर्यंत सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. नातेवाईक म्हणून मलाही बोलावतात. मला असल्या गोष्टींचा कंटाळा. त्या दिवशीही उन्हात उभी राहून मी चरफडत होते. गोपाळ सुखरूप प्रवास मागून थांबला, तोच क्षमा पुढे आली.

"गोपाळकाका, माझंही एक घाला."

मागणाऱ्याला गाऱ्हाणं घालणारा नाही म्हणत नाही. ती त्याच्या कानाशी लागली. म्हाताऱ्याने एकदा संदीपकडे पाहिलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जेच्या हातान लाल चिकटी काढून हिरवी लावली, आणि पाप दुसऱ्याच्या माथ्यार मारलां..."

"व्हय म्हाराजा!"

"...तेच्या त्या हाताक कापरां भरांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पॅकिंगच्या बायका तर पत्रे हादरतील अशा ओरडल्या.

"संदीप, तुझा आवाज आला नाही," सदू म्हणाला.

"घसा बसलाय, साहेब."

"मघाशी तर खणखणीत होता," मी म्हटलं. गप्प कशाला राहू?

"परत घालतंय," गोपाळ म्हणाला. "सगळ्यांनी म्हणूक व्हयां."

"नको! काका, नको! तां फिरव आदी, मागे घे!" संदीप रडकुंडीला आला होता.

सदू त्याच्याकडे बघतच राहिला. "नाव कोणाचंच घेतलं नाही रे. तू का भितोस?"

मग सगळं बाहेर पडलं. भट्टी, चिकट्या, सगळं. हाही माल ओलाच होता, म्हणून कंटेनर उघडला. क्षमाने मीटर मागवलं आणि एकेक कपाट संदीपलाच धरायला लावलं. "नीट धर. हात कापतोय की काय?" लाल चिकट्या त्याच्याच हाताने लावून घेतल्या. सदूने त्याला कायमचं घरी पाठवलं आणि सगळ्यांसमोर हिची माफी मागितली.

"परत म्हणा," ही म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

सदूने परत म्हटलं.

दिवाळीनंतर संदीप साखळीला आला, नारळ आणि विडा घेऊन. गाऱ्हाणं ज्याने घालून घेतलं त्यानेच देवापुढे नारळ ठेवून फिरवायचं असतं. "चहा सांडता गो माझ्या हातातसून," तो म्हणाला. "फिरव गो बाय. पाया पडतंय."

तिने नारळ घेतला. "बरं," एवढंच म्हणाली. तो हात जोडत, मागे वळून वळून बघत गेला.

दुपारी तिने तो नारळ फोडला, खवला आणि काजूगरांचं तोणाक, म्हणजे खोबऱ्याची रस्साभाजी, केलं. मला जेवायला बोलावलं. तोणाक झकास होतं, मी पुन्हा वाढून घेतलं.

"फिरवलंस का गं?" मी विचारलं.

"विसरलें," ती म्हणाली आणि पाव पुढे केला.