अम्माचा ब

आई, निघताना मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं होतं, आठवतं? उल्हासनगरच्या आपल्या खोलीबाहेर रिक्षा उभी, बॅगा आत कोंबलेल्या, आणि शेजारची मोहिनीअम्मा फॉइलमध्ये गुंडाळलेल्या कोक्या, तिच्या त्या जाड सिंधी पोळ्या, माझ्या हातात देत होती. ती काहीतरी पुटपुटली. मी नुसतीच हसले. मागून तुझं सुरूच होतं, "चल गं बाई, विमान काय तुझ्या बापाचं आहे?"

तू अंबरनाथला कंपनीत जायचीस आणि मी शाळेतून थेट अम्माकडे. सिंधीत 'बार' म्हणजे ओझं. तोच ब श्वास आत ओढून म्हटला की मूल. मला तो ब कधी जमलाच नाही. "मी तुझी बार," असं मी लाडात म्हणायचे आणि अम्मा पोट धरून हसायची. मग रोज दारातच चिडवायची, "आयो मुंहिंजो बार!" आलं माझं ओझं. मीही हसायचे, पण आत खुपायचं. तू म्हणायचीस, "बिचारी तोंडाने बोलत नाही, तिला त्रास देऊ नकोस." म्हणजे ओझंच की.

आता इथे जर्मनीत मी त्याच भाषेवर संशोधन करते. आमच्या विभागातल्या नकाशावर देशांच्या सीमा नाहीत, नुसते भाषांचे रंग. सिंधीचा रंग सिंधमध्ये पसरलाय आणि त्याचा एक ठिपका कल्याणच्या पुढे पडलाय. अम्मा गेली, तू बदलापूरला मांजर्लीत राहायला गेलीस. त्या ठिपक्यात आता माझं कुणीच नाही.

ते रेकॉर्डिंग उघडायचं वर्षभर धाडस झालं नाही. परवा उघडलं. "तूं मुंहिंजो बार आहीं." तू माझं ओझं आहेस, की मूल? भांडी घासताना, बसमध्ये, शंभरदा ऐकलं. एवढी शिकले, पण कान मराठीच राहिला. शेवटी विभागातल्या जरीनाला ऐकवलं. ती सिंधमधल्या सक्करची, अम्माच्या मूळ गावापासून, शिकारपूरपासून, जवळचीच. तिने डोळे मिटून दोनदा ऐकलं.

"साँस अंदर गई है," ती म्हणाली. "बच्चा कह रही हैं."

मी तिथेच रडले, सगळ्यांसमोर.

घर कुठे, असं कुणी विचारलं की मी अजून उल्हासनगरच सांगते. खरं तर ते आता काही सेकंदांचंच उरलंय. अम्मा श्वास आत घेते, मी तिचं मूल होते. मग तुझी हाक येते आणि रिक्षा सुरू होते. ते मी ऐकत नाही, आई. त्याआधीच बंद करते.