न दुखलेलं गोंदण

तपासणीला मी तोऱ्यात गेले होते, हे आधीच सांगून टाकते. आरमोरीजवळच्या आमच्या गावात सातवी पास झालेली मी एकटी मुलगी. चांद्याला सुईणीच्या कामाचं शिक्षण सुरू व्हायचं होतं आणि निवडलेल्या मुलींची आधी तब्येत पाहणार होते. मला तर काहीच झालेलं नव्हतं. धडधाकट माणसात पाहतात तरी काय, हेच मला कळत नव्हतं. सोबत माय आली होती. तिला दवाखान्याच्या ओसरीत बसवून मी आत गेले.

वजन झालं, डोळे झाले, छातीला नळी लावून झाली. मग एका नर्सबाईंनी हातपाय उघडे करायला सांगितले. माझ्या डाव्या कोपराखालच्या गोंदणावर त्यांची नजर थांबली.

"हे कधी काढलं?"

"तेरा-चवदा वर्साची होती, तवा."

"दुखलं असेल ना?"

हा माझ्या आवडीचा विषय. आमच्याकडे गोंदताना पोरी बोंबा मारतात, चार बायकांना त्यांना धरून बसावं लागतं. मी हसत बसले होते. गोंदणारी म्हणाली होती, पोरगी मोठी हिमतीची हाये. गावभर माझं नाव झालं. हे सगळं मी ऐटीत सांगितलं. नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि कोंबडीचं पीस जिथे लागेल तिथे बोट ठेवायला सांगितलं. मी झटपट दाखवत गेले. मग बराच वेळ काहीच लागेना, म्हणून डोळे उघडले. पीस गोंदणावर फिरत होतं. मला ते नुसतं दिसत होतं. हात माझा, आणि पीस जणू शेजारणीच्या हातावर.

"गोंदणाभोवतीची कातडी बघ, फिकट आहे," त्या म्हणाल्या. "चट्टा आधीचाच आहे. ही महारोगाची सुरुवात आहे."

आमच्या गावाबाहेर त्या रोगाचा एक म्हातारा झोपडीत राहायचा, त्याला भात लांबूनच ठेवत. नर्सबाई सांगत होत्या की वेळेवर सापडलं, आता गोळ्या आल्या आहेत, बरं होतं. शिक्षणाचं डॉक्टर ठरवतील, पण घरच्या माणसांनाही तपासावं लागेल. माझ्या कानात काही शिरत नव्हतं. मी तशीच बाहेर आले.

"माय, गोंदायच्या आधी इथी चट्टा होता का?"

माय जरासुद्धा गडबडली नाही. "होता ना. पांढुरका. कोनी पाह्यला असता तं कोड म्हनलं असतं, तुयं लग्न जुळलं नसतं. म्हनून त्याच्यावरच गोंदवून घेतलं. काऊन?"

तिच्या त्या सरळ उत्तराने अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. माझी हिंमत, माझं नाव, सगळं खोटं निघालं, आणि हिला ठाऊक होतं! मी चारचौघांत तिच्यावर ओरडले. "माय हायेस का वैरीन? झाकून ठेवलं तूनं! आता कोनती बाळंतीन मले हात लावू देईन?"

नर्सबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्यांनी मायला हाताला धरून आत नेलं आणि स्टुलावर बसवलं. "मले काई नाई झालं बाई, पोरीचं पाहा," असं माय म्हणत होती. मी मुद्दाम दारात पाठ करून उभी राहिले. तिचं तोंडही मला पाहायचं नव्हतं.

डोळे मिटा, लागेल तिथे बोट दाखवा, असं नर्सबाई तिला म्हणाल्या. त्यानंतर आतून आवाजच येईना. शेवटी न राहवून मी वळले.

माय डोळे घट्ट मिटून, बोट पुढे करून बसली होती. नर्सबाईंनी पीस बाजूला ठेवून टाचणी घेतली होती. ती त्यांनी मायच्या पावलावर टोचली, मग बोटांवर, मग तळव्यात. तळव्यात रक्ताचा थेंब आला.

"बाई," डोळे न उघडता माय म्हणाली, "करा ना आता सुरू. पोरगी रागावून राह्यली, तिले घरी न्याचं हाये."